एकच रंगक्रिया, दोन मेंदू: गोल्जी आणि काहाल यांना वेगवेगळं का दिसलं?

प्रश्न असा आहे: कामिल्लो गोल्जी आणि सान्तियागो रामोन इ काहाल या दोघांनी मेंदू बघायला एकच रंगक्रिया वापरली, १९०६ सालचं वैद्यकाचं नोबेलही वाटून घेतलं. तरी एकाला मेंदूत सलग जाळं दिसलं आणि दुसऱ्याला सुट्या पेशी. असं कसं? एकजण खोटं बोलत होता, की नुसताच हट्टाला पेटला होता?

खोटं कोणीच बोलत नव्हतं. हट्ट मात्र होता, गोल्जींचा तर चांगलाच. पण वाद सुरू झाला तो काचेच्या बरणीत. कोणत्या वयाच्या प्राण्याचा मेंदू घेतला, तुकडा किती दिवस डायक्रोमेटमध्ये (ऊती घट्ट करणाऱ्या द्रावणात) ठेवला आणि सेक्शन, म्हणजे काप, किती जाड कापला, एवढं पाहिलं तरी बरंच कोडं सुटतं. ही गोष्ट सांगताना दोघांच्या स्वभावावर पानंच्या पानं लिहिली जातात आणि बरणीकडे कोणी बघत नाही, म्हणून इथे उलट्या क्रमाने सांगतो.

१८७० च्या आसपास मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काय दिसायचं? कार्माइनसारखा रंग सगळ्याच पेशींना लागतो. पेशींची शरीरं दिसतात, पण त्यांचे फाटे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की कोणता फाटा कुठून निघून कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. ओटो डायटर्स नावाच्या जर्मन संशोधकाने यावर अफाट चिकाटीचा उपाय काढला होता. मऊ केलेल्या ऊतीतून तो सुईने एकेक चेतापेशी सोडवून काढायचा. पेशीला संदेश बाहेर नेणारा एकच लांब अक्षतंतू असतो आणि बाकीचे फाटे म्हणजे फांदीदार डेंड्राइट असतात, हा फरक त्यानेच स्पष्ट केला. १८६३ मध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी तो तापाने गेला आणि त्याचं काम दोन वर्षांनी दुसऱ्यांनी छापलं. पण सुईने सोडवताना बारीक टोकं तुटणारच. टोक दिसलं नाही की ते कुठे जातं याबद्दल काहीही म्हणता येतं. योझेफ फॉन गेरलाख यांनी १८७२ मध्ये तसंच म्हटलं: हे फाटे एकमेकांत मिसळतात आणि मेंदूभर एक अखंड जाळं तयार होतं. तेव्हाच्या बहुतेकांना ते पटलेलं होतं.

गोल्जी त्याच सुमारास पावियाहून मिलानजवळच्या आबियातेग्रास्सो या गावी आले. (शाळेच्या पुस्तकातलं ‘गॉल्गी संकुल’ याच गृहस्थांच्या नावाचं, पण ते पुष्कळ नंतरचं, १८९८ मधलं.) संशोधनावर पोट भरत नव्हतं आणि वडिलांचा कायमच्या नोकरीसाठी तगादा होता. म्हणून १८७२ मध्ये असाध्य रोग्यांच्या इस्पितळात त्यांनी मुख्य वैद्याची जागा घेतली. तिथे प्रयोगशाळा कसली! इस्पितळातल्या एका स्वयंपाकघरात त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला आणि ड्यूटी संपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात काम सुरू केलं. १८७३ च्या फेब्रुवारीत त्यांनी एका मित्राला कळवलं, की डायक्रोमेटमध्ये घट्ट केलेल्या मेंदूच्या तुकड्यांवर सिल्व्हर नायट्रेटची क्रिया करून बघतोय आणि निकाल फार सुंदर येताहेत. त्याच वर्षी त्यांचा छोटा लेख छापून आला. जगाने त्याची दखल घ्यायला दहा-पंधरा वर्षं लावली.

आता बरणीत काय होतं ते नीट पाहू.

मूळच्या संथ पद्धतीत ताज्या मेंदूचे लहान तुकडे २% पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवायचे आणि द्रावण हळूहळू ५% पर्यंत तीव्र करत न्यायचं. किती दिवस? इथेच सगळी मेख आहे. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत ऊती तयार होते, थंडीत महिना-दीड महिना लागतो. तयार झाली की नाही हे बघून कळत नाही. म्हणून एकाच मेंदूचे पुष्कळ तुकडे करून ठेवायचे आणि दर काही दिवसांनी एक काढून चांदीत टाकून बघायचा. चांदी म्हणजे ०.७५% सिल्व्हर नायट्रेट, १०० मिलीमध्ये पाऊण ग्रॅम. तुकडा पडताक्षणी त्याच्याभोवती विटकरी ढग उठतो. तो सिल्व्हर क्रोमेटचा साका. पहिलं पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, नवीन घालायचं आणि तुकडा एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. तेवढ्या वेळात चांदी आत शिरते, पेशीतल्या क्रोमेटशी तिची गाठ पडते आणि सिल्व्हर क्रोमेटचे बारीक स्फटिक पेशीच्या आतून भरत जातात. शरीर, डेंड्राइट, अक्षतंतूचा सुरुवातीचा भाग, सगळं काळंभोर होतं आणि मागची पार्श्वभूमी फिकट पिवळी राहते.

या क्रियेचा खरा चमत्कार म्हणजे ती बहुतेक पेशींवर चालतच नाही. शंभरातल्या एक ते पाच पेशी रंगतात, बाकीच्या पारदर्शक राहतात. नेमक्या याच पेशी का, याचं समाधानकारक उत्तर आजही कोणाकडे नाही. सगळ्या रंगल्या असत्या तर काळा ठोकळा दिसला असता आणि पद्धत तिथेच संपली असती.

बिघडण्याच्या तऱ्हा मात्र अनेक. डायक्रोमेटमध्ये कमी दिवस झाले तर चेतापेशींऐवजी त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी आणि रक्तवाहिन्या काळ्या होतात, शिवाय जागोजाग नुसता साका बसतो. जास्त दिवस झाले तर रंगणाऱ्या पेशी घटत जातात आणि शेवटी कोरा पिवळा काप हाती येतो. तुकड्याच्या पृष्ठभागावर स्फटिकांची जाड पापडी धरते. ती टाळायला तुकड्यावर जिलेटिनचा थर द्यायचा किंवा कापताना बाहेरचा भाग सरळ फेकून द्यायचा. सेक्शन अल्कोहोलमध्ये रेंगाळू द्यायचे नाहीत. आणि जुन्या लोकांचा एक नियम नवख्याला विचित्र वाटतो: काप डामर राळेत बसवायचा, पण वर कव्हरस्लिप ठेवायची नाही. काचेखाली राळ नीट सुकत नाही आणि काही महिन्यांत काळे तंतू विरून जातात.

म्हणजे ही पद्धत देखणी खरी, पण बेभरवशाची. एखाद्या प्रयोगशाळेने चार वेळा करून सोडून दिली तर दोष देता येत नाही. युरोपात बहुतेकांनी तेच केलं.

गोल्जींनी सोडली नाही. पुढे पावियात प्राध्यापक झाल्यावर त्यांनी लहान मेंदू, हिप्पोकॅम्पस, गंधकंद असे भाग एकामागून एक काढले. अक्षतंतूला वाटेत उपफाटे फुटतात हे त्यांनी दाखवलं. काही पेशींचा अक्षतंतू लांब जातो आणि काहींचा जवळच फांद्यांत विरतो, ही वर्गवारीही त्यांचीच. डेंड्राइट एकमेकांना जोडलेले नाहीत, हेही त्यांनी गेरलाखच्या विरोधात ठासून सांगितलं. इतपत सगळं बरोबर. पण मग त्यांनी डेंड्राइटांना पोषणाचं काम देऊन टाकलं, कारण ते रक्तवाहिन्यांकडे जाताना दिसत होते. जाळं त्यांनी अक्षतंतूंच्या उपफाट्यांत शोधलं.

ते त्यांना तिथे दिसलं कसं? त्यांचा बराचसा माल प्रौढ प्राण्यांचा होता. प्रौढ मेंदूत बहुतेक लांब अक्षतंतूंवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त थराचं, आवरण चढलेलं असतं आणि गोल्जींची ही काळी रंगक्रिया मायलिनच्या आत जवळपास शिरत नाही. पेशीतून निघालेला अक्षतंतू थोडं अंतर काळा दिसतो आणि आवरण सुरू झालं की गायब होतो. मायलिन नसलेले बारीक उपफाटे तेवढे रंगतात. आता शंभर मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) जाडीच्या कापात असे शेकडो उपफाटे वेगवेगळ्या खोलीवर एकमेकांना ओलांडतात. त्यांची शेवटची टोकं प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाच्या ताकदीच्या सीमेवर असतात, त्यात स्फटिकांमुळे रेषा किंचित फुगलेल्या. दोन रेषा जिथे ओलांडतात तिथे सांधा आहे असं वाटायला डोळ्याला फार प्रोत्साहन लागत नाही. आणि गोल्जींच्या डोक्यात मेंदू एकसंधपणे काम करतो ही कल्पना आधीपासून पक्की होती. अमुक जागा अमुक कामाची, हे मत त्यांना मुळीच मान्य नव्हतं. जाळं त्या कल्पनेला फार सोयीचं होतं.

सुट्या पेशींचा विचार काहालांच्या आधी तिघांनी मांडला, हेही सांगायला हवं. लाइपझिगचे विल्हेल्म हिस यांनी भ्रूणात प्रत्येक चेतापेशी आपापला तंतू वाढवत नेते हे पाहिलं. झुरिकचे ऑगस्ट फोरेल यांनी तंतू तोडला की फक्त त्याच्याच पेशी झिजतात, शेजारच्या नाहीत, यावरून तर्क केला. तिसरा नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन. बर्गेनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या या तरुणाने १८८६ मध्ये थेट पाविया गाठून गोल्जींकडून पद्धत शिकून घेतली, साध्या समुद्री प्राण्यांवर वापरली आणि सांधे सापडत नाहीत असं लिहिलं. १८८८ च्या एप्रिलअखेर त्याने डॉक्टरेटची परीक्षा दिली आणि चार दिवसांनी स्कीवरून ग्रीनलँड ओलांडायला निघून गेला. पुढे ध्रुवप्रदेशाचा संशोधक म्हणून गाजला, १९२२ मध्ये शांततेचं नोबेल मिळवलं. चेतापेशींकडे तो पुन्हा फारसा वळला नाही.

काहालांची गाठ या क्रियेशी पडली ती १८८७ मध्ये, माद्रिदला. मनोविकारतज्ज्ञ लुइस सिमारो पॅरिसहून पद्धत शिकून आले होते आणि त्यांनी घरी आलेल्या काहालांना आपल्या स्लाइड दाखवल्या. तोवर काहाल पस्तिशीचे झाले होते. लहानपणी घरी केलेल्या तोफेने शेजाऱ्याचं फाटक उडवून तुरुंगाची हवा खाल्लेला मुलगा. वडिलांनी न्हाव्याकडे आणि चांभाराकडे उमेदवारीला लावलेला. क्यूबात लष्करी डॉक्टर म्हणून मलेरियाने पार खंगलेला. चित्रकार व्हायची इच्छा वडिलांनी मोडून काढली होती, पण हात शाबूत होता.

काहालांनी दोन बदल केले आणि दोन्ही बिनडामडौलाचे.

पहिला बदल रसायनातला. गोल्जींचीच एक जलद पद्धत होती, डायक्रोमेटमध्ये ऑस्मियम टेट्रॉक्साइड (थोडक्यात ऑस्मियम) मिसळून करायची. प्रमाण साधारण चार भाग ३% डायक्रोमेटला एक भाग १% ऑस्मियम. तुकडे तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड नकोत. यात आठवड्यांचं काम दिवसांवर येतं: जन्मल्या जन्मल्या पिल्लाच्या मेरुरज्जूत साधारण दोन-तीन दिवसांनी ग्लिया, तीन ते पाच दिवसांनी पेशी आणि पाच ते सात दिवसांनी तंतू चांगले येतात. मग एक-दोन दिवस चांदीत. काहालांनी हेच चक्र पुन्हा फिरवलं. चांदीतून काढलेला तुकडा परत ऑस्मियम-डायक्रोमेटमध्ये दिवस-दीड दिवस, आणि परत चांदीत. पहिल्या फेरीत अर्धवट राहिलेले तंतू दुसऱ्या फेरीत भरून निघतात. जमलं नाही तर तिसरी फेरी. नुसती दुहेरी भरणी केल्याने बेभरवशाची पद्धत बऱ्यापैकी हुकमी झाली.

दुसरा बदल प्राण्यातला, आणि माझ्या मते निकाल त्यानेच लागला. त्यांनी प्रौढ मेंदू सोडून अंड्यातली कोंबडीची पिल्लं आणि नुकतेच जन्मलेले प्राणी घेतले. या वयात मायलिन चढलेलं नसतं, म्हणून अक्षतंतू शेवटपर्यंत काळा होतो. अंतरं छोटी असतात, म्हणून सबंध तंतू एकाच जाड कापात मावण्याची शक्यता वाढते. फांद्या कमी असतात, म्हणून गुंता नसतो. गोल्जी वाढलेल्या रानात शिरले होते, काहालांनी रोपवाटिका पाहिली.

१८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूत त्यांना जे दिसलं ते मोठं बोलकं होतं. एका प्रकारच्या पेशींचे अक्षतंतू आडवे जातात आणि त्यांच्या फांद्या मोठ्या पुर्किन्ये पेशींच्या अंगाभोवती टोपलीसारखं वेटोळं घालून तिथेच संपतात. दुसरे तंतू पुर्किन्येच्या डेंड्राइटांवर वेलीसारखे चढतात आणि तेही तिथेच संपतात. आत शिरत नाहीत, पुढे जाळ्यात जात नाहीत. अगदी खेटून, पण मोकळं टोक. एका कापात असं दिसलं तर योगायोग म्हणता येईल. पिल्लामागून पिल्लू, भागामागून भाग तेच दिसू लागलं तेव्हा काहालांची खात्री पटली. त्याच वर्षी पुर्किन्येच्या डेंड्राइटांवर त्यांना बारीक काटे दिसले. गोल्जी आणि आणखी पुष्कळ जण म्हणाले, हा चांदीचा साका आहे. शंका गैर नव्हती, साका कुठेही बसतो. काहालांनी उत्तर द्यायला आठ वर्षं घेतली आणि १८९६ मध्ये चांदीचा संबंधच नसलेल्या मिथिलीन ब्लूने तेच काटे दाखवले. दोन वेगळ्या रसायनांनी एकच रचना दाखवली की साक्याचा आक्षेप टिकत नाही. हिस्टॉलॉजीत, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्म अभ्यासात, आजही हाच न्याय लागतो.

पण हे वाचणार कोण? त्यांनी स्वतःच्या खिशातून नियतकालिक काढलं, पहिला अंक मे १८८८ चा. साठ प्रती, बऱ्याचशा परदेशी प्राध्यापकांना टपालाने. मजकूर स्पॅनिशमध्ये, म्हणून कोणी उघडून पाहिला नाही. शेवटी १८८९ च्या ऑक्टोबरात ते आपल्या स्लाइड आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बर्लिनला जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या बैठकीत गेले. तुटक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून नेत्रिकेला डोळा लावायला लावला. त्यात बहात्तर वर्षांचे आल्बर्ट फॉन कोलिकर होते, त्या काळचे हिस्टॉलॉजीतले सर्वांत वजनदार नाव. ते स्वतः जाळ्याच्या बाजूचे. त्यांनी पाहिलं, परत जाऊन स्वतः क्रिया करून पडताळलं, मत बदललं आणि काहालांचे लेख वाचता यावेत म्हणून स्पॅनिशही शिकले. या सबंध प्रकरणात कोणाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटावा असा प्रश्न असेल तर माझं मत कोलिकरांना. दोन वर्षांनी विल्हेल्म वाल्डायर यांनी सगळ्यांचं काम एका लेखमालेत एकत्र केलं आणि चेतापेशीसाठी ‘न्यूरॉन’ हा शब्द रूढ केला. या प्रश्नावर त्यांचं स्वतःचं संशोधन जवळपास काहीच नव्हतं, तरी नाव त्यांचं लागलं.

परतीच्या वाटेवर काहाल पावियालाही गेले होते. गोल्जी रोमला गेले होते, भेट झाली नाही. त्यानंतर मेरुरज्जूतल्या उपफाट्यांच्या शोधावरून गोल्जी दुखावले: ते आपण दशकभर आधीच छापलंय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं होतं. फक्त ते इटलीबाहेर फारसं पोचलं नव्हतं. दोघांची समोरासमोर गाठ पडली ती थेट १९०६ च्या डिसेंबरात, स्टॉकहोममध्ये. ११ तारखेला गोल्जींचं व्याख्यान झालं आणि त्यात त्यांनी न्यूरॉनचा, म्हणजे सुट्या पेशींचा, सिद्धान्त आता मागे पडतोय असं सांगितलं. १२ तारखेला काहालांनी त्याच सिद्धान्ताचे पुरावे मांडले. गोल्जींच्या भाषणाची आज थट्टा होते, पण त्यात अर्धं सत्य होतं: त्या आधीच्या काही वर्षांत आपाथी आणि बेथे या दोन संशोधकांनी पेशीतल्या तंतुकांवरून जाळ्याची कल्पना पुन्हा जोरात पुढे आणली होती. खटकतं ते वेगळंच. अठरा वर्षांत समोर आलेल्या भ्रूणांच्या स्लाइडना त्यांनी नीट उत्तर दिलं नाही.

तरीही, सूक्ष्मदर्शकाखाली बघून हा वाद तेव्हा मिटणं शक्यच नव्हतं. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. दोन चेतापेशींमधली फट जेमतेम २० नॅनोमीटरची, म्हणजे दहापट बारीक. काहालांनी ती फट कधीच पाहिली नाही. मोकळी टोकं, भ्रूणातली वाढ आणि इतरांचे झिजेचे प्रयोग यांवरून केलेलं ते अनुमान होतं. फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकाच्या मध्यावर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. तोवर दोघेही हयात नव्हते. गोल्जींच्या बाजूनेही थोडं जमा आहे: १९५९ मध्ये क्रेफिशमध्ये (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) विजेचा प्रवाह थेट पलीकडे नेणारे सांधे सापडले आणि २०२३ मध्ये कोम्ब जेली या पारदर्शक समुद्री प्राण्यांच्या शरीरात चेतापेशींचे फाटे खरोखर एकमेकांत मिसळलेले आढळले. हे दुसरं काम बर्गेनचं, नान्सेनने जिथे संग्रहालयात काम केलं त्या गावचं.

ज्यांना हे स्वतः करून बघायचंय त्यांनी १८९१ ची गोल्जी-कॉक्स पद्धत घ्यावी, ती जास्त भरवशाची आहे. पोटॅशियम डायक्रोमेट, मर्क्युरिक क्लोराइड आणि पोटॅशियम क्रोमेट यांची ५% द्रावणं वेगवेगळी करायची. पहिली दोन पाच-पाच भाग एकत्र करून, दहा भाग पाण्यात चार भाग क्रोमेट घातलेल्या भांड्यात ढवळत ओतायची. काही दिवस अंधारात ठेवायचं आणि तळाचा लालसर साका न हलवता वरचं स्वच्छ द्रावण वापरायचं. उंदराच्या मेंदूला त्यात साधारण दोन आठवडे; दुसऱ्या दिवशी द्रावण बदलायचं. मग ३०% साखरेच्या द्रावणात मेंदू तळाला बसेपर्यंत, १०० ते २०० मायक्रॉनचे काप, अमोनियाने काळेपणा आणायचा, सोडियम थायोसल्फेटने पक्का करायचा. धातूचे चिमटे बुडवायचे नाहीत, पारा त्यांवर चढतो आणि द्रावण खराब होतं. प्लास्टिक किंवा काच वापरा. पारा आणि क्रोमेट दोन्ही विषारी, क्रोमेट कर्करोगकारकही. हातमोजे, फ्यूम हूड आणि वेगळा टाकाऊ कॅन, यात सूट नाही. ऑस्मियमच्या जलद पद्धतीच्या वाटेला घरगुती उत्साहात कोणी जाऊ नये, त्याची वाफ डोळे बिघडवते.

स्लाइड तयार झाली की दोन काळे तंतू जिथे भेटल्यासारखे दिसतात तिथे चाळीसच्या भिंगाने थांबा आणि फोकसचा बारीक स्क्रू सावकाश फिरवा. खरा सांधा असेल तर दोन्ही तंतू एकाच वेळी स्पष्ट होतात आणि एकाच वेळी पुसट. नुसतं ओलांडणं असेल तर आधी एक स्पष्ट होतो, मग दुसरा. अगदी खेटलेले तंतू मात्र या युक्तीलाही चकवतात.